काय विचारू नये

३ मार्च, रविवार

गुडघ्याची चौकशी आहे! 'उजव्या गुडघ्याला शेक देता ना? जिना उतरताना कठडा धरता ना?' — उजवा, हेसुद्धा पोरीच्या लक्षात! दीड वर्षापूर्वी हीच पोर पंधरा-पंधरा दिवस फोन करत नसे. केलाच तर 'बाबा, मीटिंग आहे, ठेवते.' आता दर रविवारी न चुकता पानभर पत्र. येतं मेलवर, पण मी पत्रच म्हणतो. छापून काढतो, दोन भोकं पाडतो, फाइलला लावतो. आजचं त्रेचाळिसावं.

आणि सुरुवातीलाच 'बाबोबा'! तीन वर्षांची असताना मला बाबोबा म्हणायची. मध्ये पंचवीस वर्षं विसरली होती. आता महिन्याकाठी एकदा तरी येतंच. वाचलं की छातीत कोणीतरी दिवा लावल्यासारखं होतं.

शेवटी विचारलंय, 'ती होडीची कविता पुरी लिहून पाठवाल का?'

पाठवाल का म्हणजे काय! पाचवीचं पुस्तक, निळं कव्हर, खालच्या कोपऱ्यात शाईचा डाग. मास्तर डोळे मिटून, खडूच्या तुकड्याने टेबलावर ताल धरायचे, आणि आम्ही चाळीस पोरं एका आवाजात —

काठावरल्या दिव्या, जरासा तेवत राहा रे,
पैलतिरीहून नाव निघाली, वाट पाहा रे.

शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मला मधोमध उभं करून म्हणायला लावली होती. टाळ्या थांबेनात! आता मात्र तिसऱ्या कडव्यात अडकतो. आज तासभर खिडकीत बसून प्रयत्न केला. पहिली ओळ ओठांवर येते आणि वळून जाते.

आईबद्दल पत्रात एक अक्षर नसतं. त्रेचाळीस पत्रांत एकदाही नाही. बरं आहे. पोर समजूतदार आहे. तिच्या आईला — हिला — जाऊन सहा वर्षं झाली. त्या दिवसाबद्दल मी या वहीत लिहिलेलं नाही, आजही लिहीत नाही. पोरीला तेव्हा फोनवर सांगितलं होतं की मी उशाशी बसून होडीची कविता म्हणत होतो. असो.

५ मार्च, मंगळवार

मंगळवार म्हणजे साहेबांच्या आईंचा दिवस. सकाळी आधी दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम उरकलं. एकाच खुर्चीवर सव्वादहाला दोन पेशंट दिसले — दोघांच्याही अक्कलदाढा! एकाला गोड शब्दांत पुढे ढकललं. मग बूटवाल्यांच्या तक्रारी. एका गिऱ्हाइकाला दोन्ही बूट डाव्या पायाचे गेलेत. त्याचं पत्र इतकं संतापलेलं होतं की वाचताना मीच खुर्चीत सावरून बसलो.

दार ढकलून ताई आत आली. म्हणे, "काय सेक्रेटरी, चहा इथेच पाठवायचा की अपॉइंटमेंट घ्यायची?"

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, ही गेल्यापासून माझ्याकडेच राहते. तिच्या मते मी दिवसभर पेटीशी बोलतो. "आणि ती बटणं जरा हळू बडव, खालच्या मजल्यावर ऐकू जातं." टाइपरायटरवर चौतीस वर्षं काढलेले हात आहेत. वर्षाला एक कीबोर्ड खातात.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्क होतो. मसुदा माझा, सही वरच्याची. निवृत्तीनंतर वाटलं, संपलं. आणि आता सत्तराव्या वर्षी घरात बसून तीन ठिकाणचा ऑनलाइन मदतनीस! व्हर्च्युअल असिस्टंट. कामं बदलली, मसुदा माझाच.

साहेबांचं काम त्यात सगळ्यात नाजूक. साहेब इमारतींचे नकाशे करतात, वेळ नाही. त्यांची आई दूर एका वृद्धाश्रमात. दर मंगळवारी साहेबांच्या मेलमधून, साहेबांच्या नावाने, आईंना पत्र लिहायचं. लिहितो मी. सुरुवातीला संकोच वाटला होता. पण आईंची उत्तरं यायला लागली! 'बाळा, तू लहानपणी इतकं छान लिहीत नव्हतास.' साहेब हसून म्हणाले, "काका, तुम्ही माझी किंमत वाढवलीत."

यासाठी मी एक पद्धत बसवली आहे. ज्याला लिहायचं त्याचा एक कागद करायचा, चार रकाने. काय आवडतं. काय दुखतं. मागच्या वेळी काय विचारलं. आणि चौथा — काय विचारू नये. तीन रकाने कोणीही भरील. चौथा ज्याला भरता येतो तो खरा मदतनीस! आईंच्या चौथ्या रकान्यात त्यांचा मोठा मुलगा आहे. तो कुठे आहे, काय झालं, साहेबांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फक्त म्हणाले, "दादाचा विषय नको."

गेल्या वर्षी पोरीला फोनवर हे सगळं सांगितलं होतं. एरवी हूं-हूं करते, त्या दिवशी म्हणाली, "बाबा, थांबा, परत सांगा. चार रकाने कुठले कुठले?" मी सावकाश सांगितलं. लाडाचं नाव महिन्यातून एकदाच वापरायचं, नाहीतर खोटं वाटतं, हेही सांगितलं. पलीकडे पेनाचा आवाज येत होता. लिहून घेत होती! माझ्या कामात तिने पहिल्यांदा रस घेतला.

८ मार्च, शुक्रवार

तिसरं कडवं नाहीच. दुसऱ्याचाच शेवट पुन्हा पुन्हा येतो.

१० मार्च, रविवार

पत्र आलं. झाडांबद्दल आहे. गॅलरीतल्या कुंड्या, ऊन किती येतं, कुंपणाच्या वेलीला पाणी एकदाच घालता ना. छान. मी वाचत खाली आलो.

सहीच्या खाली, बरीच जागा सोडून, बारीक अक्षरांत —

'गुडघा ३ तारखेला झाला. आज झाडं. पुढच्या वेळी कविता. बाबोबा ३ तारखेला वापरलं, आता एप्रिलमध्ये.'

मी ते छापलं. भोकं पाडली. फाइलला लावलं. मग फाइल मांडीवर घेऊन बसलो.

मसुद्याखाली लिहिलेली टीप पाठवण्याआधी पुसायची असते. माझ्याकडूनही एकदा राहिली असती, थोडक्यात वाचलो होतो. आमच्या धंद्यात ही एकच चूक अशी आहे की जी झाली की सगळं उघडं पडतं.

१० मार्च, दुपार

सगळी पत्रं काढून जमिनीवर मांडली. गुडघा, झाडं, कविता. गुडघा, झाडं, कविता. बाबोबा — दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. एकदाही चुकलेलं नाही. माझीच पद्धत! माझ्याच हाताखाली शिकलेल्या माणसाने लिहावीत तशी पत्रं.

ताई दारात उभी. "हे काय, वाळत घातलंयस का?"

सांगितलं. ताई वाकून एकेक पत्र उचलायला लागली. म्हणाली, "उचल. पाय पडेल कोणाचातरी."

१२ मार्च, मंगळवार

आईंचं पत्र लिहायला बसलो आणि हात चालेना. 'प्रिय आई' लिहिलं, पुसलं. शेवटी साहेबांना फोन लावला.

"साहेब, या वेळी तुम्हीच लिहा."

"काका, तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काही झालेलं नाही. तुमच्या आई आहेत, तुम्ही लिहा."

"अहो, पण मी काय लिहू? मला नाही सुचत."

"जे सुचेल ते."

ठेवला फोन. मनाला थोडं बरं वाटलं. निदान एका घरात तरी खरं पत्र जाईल.

१३ मार्च, बुधवार

पोरीला मीच फोन केला. तिच्या ऑफिसात तेव्हा जेवणाची सुट्टी असते, हे मला माहीत होतं. वेळा जुळवणं हेच तर माझं काम!

"कोण लिहितं?" एवढंच विचारलं.

"बाबा, कधी कळलं तुम्हाला?"

"कोण लिहितं ते सांग."

"एक मुलगी आहे. ऑनलाइनच काम करते, तुमच्यासारखं. चांगली आहे हो. पाठवायच्या आधी मी वाचते… बहुतेक वेळा."

"बहुतेक वेळा!"

"रविवारचं नव्हतं वाचलं. कामात होते."

"आणि बाबोबा? तेही तिलाच दिलंस?"

तिच्या रडण्याचा आवाज मला तिच्या जन्मापासून पाठ आहे. पण मी थांबलो नाही. म्हटलं, "माझ्या गुडघ्याची चौकशी एक परकी बाई करत होती आणि मी तिला पानपानभर उत्तरं लिहीत होतो! माझ्या शाळेचं, मास्तरांचं, सगळं सांगत होतो! तू ती तरी वाचलीस का?"

"वाचली. सगळी. तुमची सगळी वाचली, बाबा."

"मग दोन ओळी स्वतःच्या लिहायला काय झालं होतं?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, त्या साहेबांच्या आई किती खूश असतात? मला वाटलं, माझे बाबा का नसावेत? मी बसते हो लिहायला. दोन ओळी होतात, आणि पुढे जे येतं ते पाठवता येत नाही."

"काय येतं पुढे?"

"काही नाही."

"त्या मुलीला तू माझा कागद करून दिला असशील. चार रकाने."

"हो."

"तो पाठव मला. बघू दे, तुझा बाप किती ओळींत बसतो."

"नको, बाबा. तो कागद तुमच्यासाठी नाही." आणि तिने फोन ठेवला. माझ्या पोरीने माझ्यावर फोन ठेवला!

१४ मार्च, गुरुवार

ताईपुढे पुन्हा सगळं ओकलो. म्हटलं, पोटची पोर अशी फसवते, मग परक्याचं काय. वर्षभर मी ती पत्रं उशीखाली घेऊन झोपलो, ताई!

ताई काही निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ती निदान दुसऱ्याकडून लिहवून घेते. तू तर स्वतःच्या तोंडाने सांगतोस."

"मी काय सांगितलं कोणाला?"

"जाऊ दे. मी अडाणी बाई."

साहेबांच्या आईंबद्दल म्हणत असणार. पण ते काम आहे! काम आणि पोटची पोर यांत फरक नको? दार आपटून आत आलो.

१५ मार्च, शुक्रवार

साहेबांनी आईंना पत्र लिहिलं होतं. त्यांच्या मेलमध्ये पाहिलं. सगळं मिळून एवढंच — 'आई, कशी आहेस? मी ठीक. इकडे काम खूप. काळजी घे.'

आणि आईंचं उत्तर, त्याच संध्याकाळी —

'बाळा, काय झालं रे? असं कोरडं तू कधी लिहीत नाहीस. तब्येत बिघडली आहे का? की दुसऱ्या कोणीतरी तुझ्या नावाने लिहिलं? खरं सांग, माझं चित्त थाऱ्यावर नाही.'

वाचलं आणि हसू फुटलं. हसता हसता चष्मा काढून ठेवावा लागला.

साहेबांचा फोन आला. "बघितलंत ना, काका? मी लिहिलं तर आईला वाटतं मी मेलो!"

१७ मार्च, रविवार

पत्र नाही. कवितेची पाळी होती.

१९ मार्च, मंगळवार

आईंना लिहिलं. काय करणार? म्हातारी पलीकडे तळमळते आहे. 'आई, तापाने डोकं जड होतं, म्हणून तसं त्रोटक लिहिलं. आता बरा आहे.' लिहिताना बोटं सरळ चालली. कुठेही अडखळली नाहीत. खोटं बोलायला मला जराही त्रास होत नाही, हे आज कळलं.

पण मी ते प्रेमाने करतो! ती मुलगी काय करते, कोण जाणे.

२० मार्च, बुधवार

पोर फोन उचलत नाही. ठीक. कचेरीत चौतीस वर्षं काढली आहेत, कागद कसा मागवायचा हे मला कोणी शिकवायला नको. मेल केला —

'महोदया, विषय : माझ्यासंबंधीच्या कागदाची प्रत मिळण्याबाबत. वरील विषयी आपणाकडे १३ तारखेस तोंडी मागणी केली होती. अद्याप प्रत मिळालेली नाही. तरी सत्वर पाठवावी. अर्जदार — आपले वडील.'

पाठवल्यावर स्वतःवरच चिडलो. पण परत कुठे घेता येतो!

२१ मार्च, गुरुवार

उत्तर : 'बाबा, असं करू नका ना.'

माझं उत्तर : 'स्मरणपत्र क्रमांक १.'

२२ मार्च, शुक्रवार

'स्मरणपत्र क्रमांक २. प्रत न मिळाल्यास आपल्यातील पत्रव्यवहार बंद समजण्यात येईल.'

हे लिहायला नको होतं. पण लपवण्यासारखं असेल काय त्या कागदात? म्हातारा हट्टी आहे, त्याच त्याच गोष्टी सांगतो, कान खाजवत बोलतो — असंच काहीतरी. परक्या मुलीला सांगायला चाललं, मला दाखवायला लाज वाटते! हे पत्रांपेक्षा जास्त लागलं आहे.

ताईला विचारलं, "मी चुकतोय का?"

"मला कशाला विचारतोस? मला पण रकान्यात घातलंयस का?"

२४ मार्च, रविवार

आला. कागद आला. वर 'बाबा' नाही, खाली नाव नाही. नुसता कागद.

दुपारी जेवण झाल्यावर बसलो वाचायला. खरं सांगतो, आधी दुसऱ्या मदतनिसाचं काम तपासावं तसा लाल पेन घेऊन बसलो होतो. पहिल्या अर्ध्या पानातच पेन खाली ठेवलं.

पोरीने काय काय लिहिलं आहे! 'बूट घालण्याआधी उलटे करून दोनदा झटकतात.' — झटकतो खरा, मला स्वतःला माहीत नव्हतं. 'शिट्टी वाजवत दाढी करतात, सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून.' 'बस सुटली तर बसला हात करत नाहीत, लांबूनच टोपी काढतात. मी लहान असताना मला वाटायचं, ते बसला नमस्कार करतात.' 'माझ्या पाचवीच्या परीक्षेआधी रोज सायकल पुसता पुसता होडीची कविता म्हणायचे. फडक्याच्या तालावर. मला ती अजून फडक्याच्या आवाजासकट आठवते.' 'रागावले की कचेरीच्या भाषेत बोलतात. तेव्हा घाबरू नये. थोड्या वेळाने स्वतःच हसतात.'

अशी तीन पानं! हे तिला परक्या मुलीला लिहून देता आलं, मला लिहिता आलं नाही. राग आहेच. पण कागद उत्तम आहे. माझ्या हातून असा होणार नाही.

मधेच मशीनची शाई संपली. चौथा रकाना शेवटच्या पानावर आहे, तो छापायचा राहिला. पडद्यावर वाचता आला असता, पण डोळे दमले — आणि खरं म्हणजे आज एवढं पुरे. चौथ्यात काय असणार, माझं टक्कल! उद्या बघू.

होडीची कविता तिला उद्याच पाठवीन. दोनच कडवी का होईनात. माझ्या हाताने कागदावर लिहून, टपालाने.

ताईला तीन पानं वाचून दाखवली. बसला नमस्कार ऐकून ती इतकी हसली की ठसका लागला. मग एकाएकी विचारलं, "चौथा रकाना?"

"उद्या."

ताई उठून पाणी प्यायला गेली.

२५ मार्च, सोमवार

चौथ्या रकान्यात एकच नोंद आहे. तशीच उतरवून ठेवतो.

'आईच्या शेवटच्या दिवसाचा विषय कधीही काढू नये. त्या संध्याकाळी बाबा दवाखान्यात नव्हते. शाळेच्या मेळाव्यात कविता म्हणत होते. नर्सने मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नये.'

पाठवण्याआधी तिला ही ओळ पुसता आली असती. पुसली नाही.